दोन विहिणींत एक दंतविमा

आधीच सांगून टाकते, मी चिडखोर नाही. लोक मला चिडवायचं काम अगदी मनापासून करतात आणि मी त्यांची मेहनत वाया जाऊ देत नाही, एवढंच.

आता या जानेवारीतलंच बघा. खराडीतल्या आमच्या कंपनीत एचआरमध्ये समर्थ म्हणून एक मुलगा आहे. दात असे की टूथपेस्टच्या जाहिरातीवाल्यांनी उचलून न्यावा. त्यानं सगळ्यांना मेल पाठवला. यंदापासून आपल्या आरोग्य विम्याला दातांचा टॉप-अप जोडता येणार होता. तपासणी, वर्षातून दोनदा सफाई, किडलेल्या दातात सिमेंट भरणं, रूट कॅनाल, सगळं त्यात. दुखणं जुनं असलं तरी चालेल आणि पहिल्या दिवसापासून चालेल. हप्ता पगारातून कापणार, पण तोही इतका परवडणारा की मी तो आकडा दोनदा वाचला. मी खुर्चीतच टुणकन उडाले. मग खालची बारीक अक्षरं वाचली. आई-वडील किंवा सासू-सासरे, यांपैकी एकाच जोडीचा समावेश करता येईल.

किंवा! मी तडक समर्थच्या टेबलाशी गेले.

"अरे, हे 'किंवा' काय आहे?"

"मॅम, पॉलिसीच तशी आहे. क्रॉस कॉम्बिनेशन अलाउड नाही. पेरेंट्स घ्या नाहीतर इन-लॉज घ्या."

"म्हणजे एकीचे दात वाचवायचे आणि दुसरीचे पडू द्यायचे?"

"टेक्निकली... येस, मॅम." आणि वर हसला.

"तुझं लग्न झालंय का रे?"

"नो, मॅम."

"मग हस बाबा. तुझे दिवस आहेत."

पोर्टल मंगळवारपर्यंत उघडं राहणार होतं. त्यानंतर थेट पुढच्या वर्षी.

आता दोन्ही पक्षांची ओळख करून देते. पहिला पक्ष माझी आई, मालनबाई. ती खराडीच्या जुन्या गावठाणात एकटीच राहते. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली आणि मला भाऊ नाही. आमची काचेची इमारत आमच्याच भाऊबंदांच्या ज्वारीच्या रानावर उभी आहे, त्यामुळे मी ऑफिसला गेले की आई शेजारणीला सांगते, "तनू रानात गेलीया."

तर आईच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल अर्धवट आहे. गेल्या वर्षी मी तिला ओढत दवाखान्यात नेलं. पहिली खेप झाली, डॉक्टरांनी वरून तात्पुरतं सिमेंट लावलं, आणि काउंटरवर मी माझं कार्ड पुढे केलेलं आईनं पाहिलं. संपलं! "लेकीच्या पैशानं तोंड दुरुस्त करू व्हय? लोक तोंडात शेण घालतील." दुसऱ्या खेपेला ती गेलीच नाही. स्वतःचे पैसे स्वतःवर मोडवत नाहीत, माझे घेववत नाहीत, आणि दाढ काही हे सगळं समजून घेऊन थांबत नाही. तेव्हापासून ती एकाच बाजूनं जेवते. दुसऱ्या बाजूला लवंग धरलेली असते. विचारलं की म्हणते, "थांबलं गं आता."

दुसरा पक्ष माझ्या सासूबाई, सोजरबाई. आम्ही वारज्याला राहतो, आणि आमच्या घरात सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची पद्धत आहे. आत्या रोज सकाळी मागच्या पायरीवर बसून मिशरी लावतात. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड बोटानं हिरड्यांवर घासत बसल्या की घराला आग लागली तरी उठायच्या नाहीत. हिरड्यांतून रक्त येतं. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, "दात घासून घ्यायला माणूस ठेवू? मला हात न्हाईत?" सासऱ्यांचा, म्हणजे सर्जेरावमामांचा, प्रश्नच नाही. त्यांना पूर्ण कवळी आहे. जेवताना घालतात आणि भांडताना काढून ठेवतात.

खोटं कशाला बोलू, मला आईलाच घ्यायचं होतं. तिच्या दाढेला वेळ नव्हता. शिवाय कंपनीचं आहे म्हटल्यावर ती आली असती, कारण तिचा हिशेब वेगळा आहे. कंपनी आपल्या रानावर उभी, मग तिचं घ्यायला लाज कसली? हप्ता माझ्या पगारातून जातो हे तिला सांगायचं काही कारण नव्हतं. पण सून म्हणून मी सासूला डावलून आईला घेतलं, तर अख्ख्या भावकीत माझ्या नावानं जे शंख झाले असते, ते मुठा नदीच्या पलीकडे ऐकू गेले असते.

मी रणजितला विचारलं. रणजित म्हणजे माझा नवरा. फरशीचं दुकान आहे, माणूस चांगला आहे, फक्त वेळेवर बोलत नाही.

"तुला वाटेल ते कर," तो म्हणाला.

या वाक्याचा अर्थ ज्यांचं लग्न झालंय त्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे त्याच्या आईला घे.

म्हटलं ठीक आहे, एकीला कंपनीचा आणि दुसरीला बाहेरचा घेऊ. रणजितचा मावसभाऊ संजय विम्याचा एजंट आहे. तो आला, पोहे खाल्ले, आणखी थोडे मागून घेतले आणि मग म्हणाला, "वहिनी, साध्या मेडिक्लेममध्ये दात बसत नाहीत. अपघातात तुटला तरच."

मामा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "सोपं हाय की मग. एकीला जिन्यावरनं ढकला."

"अहो मामा!"

"हळूच गं. दातापुरतं."

संजयकडे फक्त दातांचीही एक पॉलिसी होती. तिच्यात रूट कॅनालला दोन वर्षं थांबा आणि आधीपासून दुखत असलेला दात चालणार नाही. म्हणजे ज्याला गरज नाही त्याच्यासाठी अगदी उत्तम. मग मी आमच्या चौकातल्या दवाखान्याचं वार्षिक कौटुंबिक कार्ड बघितलं. सफाई फुकट, बाकी सगळ्यावर घसघशीत सवलत. पण त्यांची सवलतीनंतरची किंमत शेजारच्या दवाखान्याच्या सवलतीआधीच्या किमतीएवढीच निघाली. एवढं सगळं पालथं घातल्यावर मी पुन्हा त्या 'किंवा'पाशी येऊन बसले.

तेवढ्यात संक्रांत आली. रविवारी आई तिळगूळ घेऊन वारज्याला आली. येताना उसाची कांडकी, बोरं, हरभऱ्याचे घाटे, सगळं पिशवीभर. दोघी विहिणी बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसल्या. आणि मी, गाढवासारखी, विचार केला की सरळ विचारून टाकावं. दोघी शहाण्या बाया आहेत. माझी चूक तिथंच झाली. विहिणींना कधी काही सरळ विचारू नये.

मी म्हटलं, "कंपनीकडून एकीच्याच दातांचा विमा निघतोय. काय करू?"

"मग त्यात इचारायचं काय?" आई लगेच म्हणाली. "इहीणबाईंचा काढ. मान मुलाकडच्यांचा."

"छ्या छ्या," आत्या पदर सावरत म्हणाल्या. "इहीणबाई, तुम्ही पाहुण्या. तुम्हीच घ्या."

"मला काय धाड भरलीया? माझं दात खणखणीत हायेत."

"अन् माझं काय पडलेत व्हय?"

लग्नात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करता करता दोघींनी पंगत ताटकळत ठेवली होती, तेव्हाच मी हे ओळखायला पाहिजे होतं. आत्यांनी ताटलीतला माझा तिळाचा लाडू उचलला. आता त्या दिवशी पाक माझ्याकडून जरा पुढे गेला होता. ते लाडू नव्हते, गोट्या होत्या. रणजितनं सकाळी एक चाखून गुपचूप खिशात ठेवला होता. आत्यांनी तो दाढेखाली धरला आणि आईकडे बघत कडाकड फोडला. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा ढिम्म.

"बगा," त्या म्हणाल्या. "अशा दाताला कसला विमा?"

"वा रं पैलवान!" मामा कवळी न घालताच ओरडले.

आईनं काय करावं? तिनं उसाचं कांडकं घेतलं.

"आई, नको!" मी ओरडले. "सुरी आणते, थांब."

"सुरी कशाला? आमच्या खराडीत ऊस दातानंच सोलत्यात." आणि तिनं वरची साल दातात धरून सर्रकन खाली ओढली. एक साल, दुसरी साल. मग तो सोललेला ऊस तिनं तोंडात घातला, आणि मला दाखवायला म्हणून मुद्दाम डावीकडे. कट्ट आवाज आला.

आईनं पदर तोंडाला लावला.

"काय झालं गं?"

"काय न्हाय. गाठ मोडली उसाची."

ती हसली, पण तोंड मिटून. आत्याही तोंड मिटूनच बसल्या होत्या. मी म्हटलं, "दोघी आ करा बघू." तर दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लुगडं सोडायला सांगितलं. विहिणीसमोर तोंड वासायचं? एवढ्या वर्षांचा मान तोंडातून बाहेर पडला असता. आई चहा न घेताच निघाली. रणजित तिला सोडायला गेला. जाताना मला म्हणाली, "इहीणबाईंचंच नाव घाल हां. माझी शप्पत हाय तुला."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागले. राग आईचा होता, पण भांडी हाताशी होती. आत्या मागून आल्या आणि चूळ भरली. पाणी लालसर होतं.

"तनुजा, तुझ्या आईची दाढ मोडली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मी समोरच व्हती की. मोडलेला तुकडा तिनं पदराच्या गाठीत बांधला. हूं न्हाय का चूं न्हाय. अन् मी येडी आपली लाडू फोडून दावतीया." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तिचंच नाव घाल."

"अहो पण तुमच्या हिरड्या? रक्त येतंय तुम्हाला."

"मला ल्योक न्हाय का?" आणि त्यांनी रणजित परत येईपर्यंत वाट पाहिली. त्याचा पाय उंबऱ्यात पडायचा अवकाश, "रण्या! तुझ्या आईचं दात तुझ्या बायकोच्या पगारात कशापायी? तुझं पैसं काय फरशीखाली गाडायला ठेवलेत?"

"मी कुठं नाही म्हटलं?" रणजित चपला काढता काढता थांबला.

"न्हाय म्हणला न्हाईस, तसा व्हय बी म्हणला न्हाईस."

रणजितनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "आई, जाऊ आपण. मी भरतो." हेच वाक्य तो आठवडाभर आधी बोलला असता, तर एक दाढ वाचली असती. हे मी त्याला बोलून दाखवलं, आणि बराच वेळ बोलून दाखवलं. पण खरं सांगते, आत्यांना मिठी मारावीशी वाटली मला. आमच्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून मी त्यांना मऊ खिचडी करून वाढली.

सोमवारी मी पोर्टलवर आईचं नाव घातलं. आता तिला दवाखान्यात आणायचं कसं? तेही आत्यांनीच केलं. फोन लावला आणि म्हणाल्या, "इहीणबाई, मी जाती दाताच्या डॉक्टराकडं. मला भ्या वाटतंय. सोबतीला या." मुलाकडच्यांचा शब्द आई मोडणार कशी? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मुलाकडचे असण्याचा काही उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

विमा चालू झाल्यावर शनिवारी आम्ही चौघं कोथरूडच्या दवाखान्यात गेलो. आत्यांना आधी आत घेतलं. बाहेर आम्हाला डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकू येत होता. "आजी, मिशरी म्हणजे तंबाखूच! तंबाखूनं कुणी दात घासतं का?" आणि आत्यांचं उत्तर, "अगं बाई, मी तुझ्या वयाची व्हती तवापासनं घासती." मग यंत्राचा आवाज सुरू झाला आणि आत्या बोलायच्या थांबल्या. रणजित हळूच म्हणाला, "असं यंत्र घरी मिळेल का गं?"

आईला मी पटवलं होतं की आलीच आहेस तर बसून घे, कंपनीचंच आहे. ती तयार झाली. खुर्चीत बसली, गळ्यात कागदी रुमाल बांधला, तोंड उघडलं. आणि काउंटरवरच्या बाई दारात येऊन मला म्हणाल्या, "मॅडम, हा व्हॉलंटरी टॉप-अप आहे ना? प्रीमियम तुमच्या सॅलरीतून जातो, म्हणजे ओटीपी तुमच्याच फोनवर आला असेल. सांगता का?"

आईनं तोंड मिटलं.

"पगारातनं?" तिनं माझ्याकडे वळून विचारलं. "तू तर म्हणलीस कंपनी देती."

"अगं, कंपनीचंच आहे ते. थोडंसंच माझं कापतात."

"तनू."

एवढंच म्हणाली. मग गळ्यातला रुमाल सोडला, घडी घातली, खुर्चीच्या हातावर ठेवला आणि उतरायला लागली. "चला घरी. थांबलंय माझं दुखायचं."

मला इतका राग आला की काय सांगू! गाल सुजलेला, अर्धी दाढ तोंडात, अर्धी कुठल्या गाठीत, आणि म्हणे थांबलंय. "आई, पुरे झालं!" मी म्हटलं. रडू फुटलं मला. चिडूनच फुटलं, पण फुटलं.

शेजारच्या खोलीतून आत्या बाहेर आल्या. अर्धे दात पांढरे, अर्धे काळे, गळ्यात तसाच कागदी रुमाल.

"बसा खाली, इहीणबाई."

"न्हाय हो. लेकीचं पैसं..."

"माझं पैसं कोण भरतंय?" आत्यांनी रणजितकडे बोट केलं. "हा. मला लाज वाटती का? ताठ मानेनं तोंड उघडून पडलीया आत. तुम्हाला लेकीनं दिलं तर लाज? का? तिला काय तुम्ही उसनी आणली व्हती?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं दात दुखत्यात का?"

आई खुर्चीच्या कडेला तशीच अर्धवट बसून राहिली. मग खाली बघत म्हणाली, "राग नका मानू. पण मला लेकच हाय. लेक द्यायची असती, तिच्याकडं मागायचं नसतं, असंच सगळ्यांनी सांगितलं. मग मागायची सवयच न्हाय लागली कुणाकडं."

आत्यांनी तो घडी घातलेला रुमाल उचलला, उलगडला आणि आईच्या गळ्यात पुन्हा बांधला. माझ्या लग्नात आईनं आत्यांचे पाय धुतले होते, तेव्हा आत्या काही खाली वाकल्या नव्हत्या. आज वाकल्या.

"सवय लावून घ्या," त्या म्हणाल्या. "मुलाकडची म्हणून सांगती. माझा शब्द मोडायचा न्हाय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी नाक पुसत होते. तिनं मान मागे टेकली आणि तोंड उघडलं. मी बाईंना ओटीपी सांगितला.

दाढेचं मूळ वाचलं, वर टोपी बसवावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आई बाहेर आली तेव्हा अर्धं तोंड बधिर होतं आणि बोलताना शब्द एका बाजूनं गळत होते. बाकावर एक अनोळखी आजी बसल्या होत्या. त्यांनी आईला सरकून जागा दिली आणि सहज विचारलं, "कुणी आणलं हो? मुलानं का?"

"न्हाय," आई म्हणाली. "लेकीनं. तिनं काढलाय माझा विमा, तिच्या पगारातनं."

बधिर तोंडामुळे त्या आजींना काही कळलं नाही, त्यांनी कान पुढे केला. मग आईनं गालावर हात धरून तेच सगळं परत एकदा, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं, मोठ्यानं सांगितलं.